हरिण ओळखावं मागच्या पायावरून

हॉस्टेलवर 'सांबर' असं नुसतं म्हटलं तरी निम्म्या पब्लिकला मेसची इडली आठवते. मित्रांनो, हा लेख त्या सांबाराबद्दल नाही. चार पायांच्या, जंगलातल्या हरणांबद्दल आहे. आणि आपल्याकडच्या हरणांबद्दलही नाही, कारण आपलं काम तसं सोपं आहे. सांबर आणि चितळ शेजारी उभे केले तर फर्स्ट इयरचा मुलगाही अंगावरचे ठिपके बघून चितळ कोणतं ते सांगेल. खरी पंचाईत होते ती उत्तर अमेरिकेत.

तिथे दोन जातींची हरणं सर्रास आढळतात. एक व्हाइट-टेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. दुसरं म्यूल डिअर. म्यूल म्हणजे खेचर, आणि खेचरासारखे मोठे कान म्हणून हे नाव. पश्चिमेकडच्या बऱ्याच भागात दोघं एकाच खोऱ्यात चरतात आणि कधीकधी त्यांची जोडीही जमते. मग जे पाडस जन्माला येतं ते धड हे नाही, धड ते नाही. त्यालाच हायब्रिड किंवा संकर म्हणतात.

आता कोणी म्हणेल, असेना का संकर, आपल्याला काय करायचंय? पण तिथे काही राज्यांत दोन्ही जातींच्या शिकारीचे परवाने वेगवेगळे असतात. समोरचा प्राणी कोणता हे शिकाऱ्याला गोळी झाडण्याआधी ठरवावं लागतं. नंतर 'सॉरी' म्हणून उपयोग नाही. शिवाय कोणत्या जातीची किती हरणं उरली हे मोजायचं असेल, तर आधी ती ओळखता यायला हवीत.

डोळ्यात भरणाऱ्या खुणा

पुस्तकी खुणा अशा. व्हाइट-टेलची शेपटी रुंद, वरून तपकिरी आणि खालून पांढरीशुभ्र. घाबरलं की ते शेपटी झेंड्यासारखी उभारून पळतं. म्यूल डिअरची शेपटी दोरीसारखी बारीक, पांढरी आणि टोकाला काळी. व्हाइट-टेलच्या शिंगाला एकच मुख्य दांडा असतो आणि त्यातून फाटे सरळ वर निघतात. म्यूल डिअरच्या शिंगाला आधी दोन फांद्या फुटतात, मग त्या प्रत्येकीला पुन्हा दोन.

बहुतेक लोक संकर शोधताना आधी शिंगंच बघतात. गडबड इथेच होते. एकतर माद्यांना शिंगं नसतात. नरांची शिंगं दर वर्षी गळून नवी येतात, म्हणजे वर्षातले काही महिने तेही बोडकेच. आणि शुद्ध म्यूल डिअरलाही कधीकधी व्हाइट-टेलसारखी शिंगं येतात, किंवा उलटही होतं. त्यामुळे विचित्र शिंगं दिसली की संकर सापडला, असं म्हणता येत नाही. शेपटीचंही तेच. संकराची शेपटी बऱ्याचदा वरून गडद आणि खालून पांढरी असते. लांबून बघणारा 'व्हाइट-टेल' म्हणून मोकळा होतो.

न दिसणारी खूण

भरवशाची खूण आहे मागच्या पायावर, जिथे सहसा कोणी बघतच नाही. मागच्या पायाला मध्यावर उलट्या गुडघ्यासारखा जो सांधा दिसतो, तो खरं तर त्याचा घोटा. त्या घोट्यापासून खुरापर्यंतच्या भागावर, बाहेरच्या बाजूला केसांच्या झुबक्यात एक ग्रंथी असते. तिचं नाव मेटाटार्सल ग्रंथी. व्हाइट-टेलमध्ये ती जेमतेम २.५ सेंटीमीटर लांब आणि या भागाच्या मध्यावर किंवा त्याच्याही खाली असते. म्यूल डिअरमध्ये ती वरच्या बाजूला आणि साधारण ७.५ ते १५ सेंटीमीटर लांब. पहिल्या पिढीच्या संकरात बहुधा ५ ते १० सेंटीमीटर, म्हणजे बरोबर मधे.

७.५ ते १० हा पट्टा दोन्हीकडे येतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. म्हणून एका रीडिंगवर निकाल द्यायचा नाही. आणखी एक खूण डोळ्यापाशी मिळते. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात एक खळगा असतो. म्यूल डिअरचा चांगला खोल, व्हाइट-टेलचा अगदी उथळ, संकराचा मधला. पाय, डोळा, शेपटी, कान हे सगळं जुळवायचं आणि मगच बोलायचं.

सरासरीचा तोटा

ते हरिण पळायला लागलं की आणखी एक गोष्ट कळते. व्हाइट-टेल चौखूर पळतं आणि सपाटीवर वेगाने निसटतं. म्यूल डिअर चारही पाय एकदम उचलून, स्प्रिंग लावल्यासारख्या उड्या मारत जातं आणि चारही पाय एकदमच टेकवतं. खडकाळ चढावर हे झकास जमतं, प्रत्येक उडीला दिशाही बदलता येते. सुझन लिंगल या संशोधिकेने कॅनडातल्या अल्बर्टामध्ये दोन्ही जातींची आणि संकरांची चाल तपासली. संकराला ना धड पळता येतं, ना धड उडी मारता येते. पायांचा ताळमेळच जमत नाही. दोन उत्तम डिझाइन्सची सरासरी काढली की तिसरं उत्तम डिझाइन मिळतंच असं नाही, हे आपल्या ब्रँचच्या लोकांना वेगळं सांगायला नको. अशा प्राण्याला लांडगा किंवा कोयोटी (कोल्ह्याच्या जातीतला तिकडचा शिकारी) सहज गाठणार.

भरीला भर म्हणजे पहिल्या पिढीचे संकर नर बहुधा वांझ असतात, माद्या मात्र प्रजननक्षम. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ साली मांडलेला नियम इथे लागू पडतो. संकरात एकच लिंग वांझ निघालं, तर ते बहुधा ज्याची लिंग-गुणसूत्रं वेगवेगळी आहेत ते असतं. सस्तन प्राण्यांत तो नर. (हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) थोडक्यात, अमेरिकेत निसर्ग स्वतःच संकराला ब्रेक लावतो, म्हणून तिथे संकर मोजकेच.

जिथे ब्रेक लागत नाही

पण सगळीकडे असं होत नाही. स्कॉटलंडचं मूळचं हरिण म्हणजे रेड डिअर. तिथे पूर्व आशियातलं छोटं सिका हरिण माणसांनी हौसेने आणून ठेवलं. किंटायर द्वीपकल्पावर ते १८९३ मध्ये आलं. एरवी हजारो मैल लांब राहणाऱ्या या दोन जातींची अशी गाठ पडली, आणि त्यांच्या संकरात नर-मादी दोन्ही प्रजननक्षम निघतात. म्हणजे गाडी पहिल्या पिढीवर थांबत नाही.

आता गणित करू. संकर पुन्हा शुद्ध रेड डिअरशी जुळला की सिकाचा वाटा दर पिढीला निम्मा होतो: १/२, १/४, १/८, १/१६, १/३२. पहिली पिढी डोळ्यांना कळते. आकार मधला, ढुंगणावर सिकासारखा काळी किनार असलेला पांढरा पट्टा, आणि नराचा आवाज सिकाच्या शिट्टीसारखाही नाही, रेड डिअरच्या डरकाळीसारखाही नाही. पण १/१६ वाला प्राणी दिसायला चक्क रेड डिअर.

मग डीएनए तपासा. हेलन सेन आणि जोसेफिन पेंबरटन यांनी २००९ मध्ये किंटायर भागातल्या ७३५ हरणांची डीएनएच्या २२ ठिकाणी केलेली तपासणी प्रसिद्ध केली. एकूण संकर ७ टक्क्यांच्या आसपास निघाले, पण वेस्ट लॉख ऑ या एका जागी तब्बल ४३ टक्के! आणि हेही पूर्ण चित्र नव्हतं. १/१६ वाल्या हरणात प्रत्येक ठिकाणी सिकाची खूण सापडण्याची शक्यता १/८. ही २२ ठिकाणं एकमेकांपासून स्वतंत्र आणि प्रत्येक खूण पक्की आहे असं धरलं, तर सगळीकडे चकवा मिळण्याची शक्यता (७/८) चा २२ वा घात, म्हणजे साधारण ५ टक्के. पुढच्या पिढीत (१५/१६) चा २२ वा घात, म्हणजे थेट २४ टक्के. कॅल्क्युलेटर काढून बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास ४५ हजार ठिकाणं तपासली, तेव्हा आधी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त संकर सापडले.

मूळ रेड डिअर हळूहळू पुसलं जातं ते असं. कळप तसाच चरताना दिसतो, संख्याही कमी होत नाही, फक्त आतला प्राणी बदललेला असतो. एकदा हे पसरलं की वेगळं करता येत नाही, जसं चहात पडलेलं दूध परत काढता येत नाही. म्हणून अॅरन, आयला, जुरा, रम अशा बेटांवर सिका सोडायला कायद्याने मनाई आहे. निदान तिथे तरी शुद्ध कळप राहावेत.

डोळ्यांनी ओळखता येतं ते पहिल्या पिढीपर्यंतच, म्हणून जे काही करायचं ते तेव्हाच करावं लागतं. तर पुढच्या वेळी टीव्ही रूममध्ये क्रिकेटच्या ब्रेकमध्ये कोणी चॅनल बदललं आणि अमेरिकेतल्या हरणांचा कळप उड्या मारताना दिसला, तर रिमोटसाठी भांडण्याआधी अर्धा मिनिट थांबा. शिंगं सोडा, मागचे पाय बघा.