उपकारस्तुती आणि 'मंडळी'

मराठी ख्रिस्ती घरांत एक सुंदर शब्द नेहमी कानावर येतो: उपकारस्तुती. बाळंतपण सुखरूप झालं, नोकरी लागली, घरातलं माणूस दवाखान्यातून बरं होऊन आलं, की पाळकांना आणि शेजारपाजारच्यांना बोलावून घरातच उपासना होते. शास्त्रवाचन, गाणी, प्रार्थना, मग चहा. आणि जमलेले सगळे म्हणजे 'मंडळी'. चर्चसाठी इतका घरगुती शब्द मराठीनेच द्यावा!

आमच्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकातच रुजलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्तगीतं रचली. देवाचे आभार मानायला परकी चाल लागेनाशी झाली. पेटी-तबल्यावर ही गीतं आजही गातात.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो कापणीचा सण. घरच्या पिकातलं पहिलं देवापुढे ठेवायचं: ज्वारीची कणसं, हरभरा, भोपळा, अंडी, कोणाची कोंबडी. शेत नसलेले घरून काही करून आणतात. उपासनेनंतर त्याचाच लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. साधा भोपळाही लोक बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावून आनंदाने घरी नेतात.