प्रिपोझिशन: पाठ करायचे की दाखवायचे?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या कानावरही ‘इन, ऑन, अंडर’ लहानपणीच पडतात. तरी वरच्या वर्गांतल्या वह्यांत ‘इन मंडे’ सापडतंच. याचं खापर मुलांवर फोडण्याआधी आपल्याच काही समजुती तपासायला हव्यात.

गैरसमज 1: ‘इन’ म्हणजे आत, ‘ऑन’ म्हणजे वर; एवढं पाठ केलं की झालं.

वस्तुस्थिती: मराठीतला एक ‘वर’ इंग्रजीत अनेक ठिकाणी विभागला जातो. टेबलावर पुस्तक असेल तर ‘ऑन’, पण डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याला ‘अबोव्ह’ किंवा ‘ओव्हर’. छताला उलटी चिकटलेली पाल मात्र ‘ऑन द सीलिंग’च. ‘ऑन’ला उंचीशी घेणंदेणं नाही, वस्तू पृष्ठभागाला टेकली आहे की नाही ते महत्त्वाचं. ‘मध्ये’चंही तसंच. केळीच्या बागेमध्ये ‘इन’, पण पारोळा जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये आहे म्हणताना ‘बिटवीन’. काही ठिकाणी तर निव्वळ वहिवाट चालते: रिक्षात बसलेला ‘इन’, एसटीत बसलेला ‘ऑन द बस’.

गैरसमज 2: घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना हे जडच जाणार.

वस्तुस्थिती: ‘घरमा’, ‘धुयाले’ म्हणणाऱ्या मुलाला आत-बाहेर, इकडे-तिकडे यांतला फरक पक्का कळतो. फक्त अहिराणीत आणि मराठीत हे प्रत्यय नामाच्या मागून येतात, इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी बसतो. मागून येण्याने मूल मागे पडत नाही. जॉन्स्टन आणि स्लोबिन या संशोधकांनी 1979 साली चार मातृभाषांतल्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जागा सांगणारे शब्द तुर्की मुलांना इंग्रजी मुलांपेक्षा लवकर जमले होते, आणि तुर्कीतही हे शब्द नामानंतरच येतात. शिरपूर-साक्रीच्या पाड्यांवर पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांची समजही अशीच तयार असते. म्हणून आधी घरच्या बोलीत विचारावं, ‘खडू कुठे आहे?’ आणि मग त्याच खडूकडे बोट दाखवून इंग्रजी वाक्य म्हणावं.

गैरसमज 3: सगळे प्रिपोझिशन एकाच तक्त्यावरून शिकवता येतात.

वस्तुस्थिती: सगळ्यांचा अवघडपणा सारखा नसतो. त्याच अभ्यासात चारही भाषांतल्या मुलांना आत, वर, खाली, शेजारी हे आधी आले. दोहोंच्या मध्ये, पुढे, मागे हे नंतर. कारण सरळ आहे. दप्तर बाकाखाली आहे हे कुठूनही तसंच दिसतं, पण ‘झाडामागे’ म्हणजे कुठे, हे पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. म्हणून सुरुवातीला ‘इन, ऑन, अंडर’ पुरेत. ‘बिहाइंड’ आणि ‘इन फ्रंट ऑफ’ मैदानात मुलांनाच उभं करून शिकवावेत.

गैरसमज 4: वेळेच्या प्रिपोझिशनना काही नियमच नाही.

वस्तुस्थिती: प्राथमिक वर्गांपुरता नियम सुटसुटीत आहे. घड्याळातली वेळ ‘ॲट’, वार आणि तारीख ‘ऑन’, महिना आणि वर्ष ‘इन’. शाळा ‘इन जून’ उघडते, झेंडावंदन ‘ऑन 15 ऑगस्ट’, घंटा ‘ॲट टेन’. ‘ॲट नाइट’सारखे अपवाद येतील तेव्हा सांगावेत, पहिल्याच दिवशी नकोत.

गैरसमज 5: वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आला की वाक्य चुकलं.

वस्तुस्थिती: हा आक्षेप जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 साली घेतला आणि लॅटिनचा आदर्श मानणाऱ्यांनी तो पुढे चालवला. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. मुलाने असं विचारलं तर लाल शाई वापरू नये.

रिकाम्या जागा भरण्याआधी दहा मिनिटं दप्तर, बाक, डबा, खडू यांना कामाला लावा. गुरुजींनी सांगावं, मुलांनी वस्तू ठेवावी. मग मुलांनी सांगावं, गुरुजींनी ठेवावी. घरी पालकांनाही हे जमेल, त्यासाठी इंग्रजी माध्यमाची फी भरावी लागत नाही.