नेरहून चिखलदऱ्यास : दोघांनी करावयाची रपेट

यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे तालुक्याचे गाव अमरावतीच्या हमरस्त्यावर वसलेले असून, कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या शिवारांनी वेढलेला त्याचा परिसर इतका मोकळा आहे की, पर्वत या नावाला शोभेल असे काही पाहावयाचे झाल्यास येथल्या माणसाला जिल्ह्याची सरहद्द ओलांडून उत्तरेकडे मेळघाटाची वाट धरावी लागते. चिखलदऱ्यापर्यंतची सुमारे दीडशे किलोमीटरची ही मजल मोटारसायकलवर अर्ध्या दिवसात गाठता येते; तथापि ती एकट्याने करावी की सोबतीने, याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा. कारण घाटात गाडी हाकणाऱ्याच्या वाट्याला रस्ता तेवढा येतो, दृश्य येत नाही. ज्याचे लक्ष पुढच्या आंधळ्या वळणावर, वळणावर पसरलेल्या गिट्टीवर आणि समोरून येणाऱ्या एस.टी.च्या आवाजावर खिळलेले असते, त्याला दरी दिसली तरी ती ओझरती दिसते. ती निवांत न्याहाळण्याचा अधिकार मागे बसलेल्याचा. एकाने रस्ता सांभाळावा आणि दुसऱ्याने मुलूख पाहून तो पहिल्याला सांगावा, अशी ही कामाची वाटणी असल्यामुळे या प्रवासाचे निम्मे सुख मित्राच्या निवडीवर अवलंबून असते.

नांदगाव खंडेश्वर, बडनेरा आणि अमरावती मागे टाकून रस्ता वलगावच्या पुढे आसेगावला पूर्णा ओलांडतो. नेरच्या शिवारात पडलेला पाऊस वर्धा-पैनगंगेच्या वाटेने गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरास जातो, तर पूर्णेचे पाणी तापीच्या संगतीने अरबी समुद्राकडे वळते. म्हणजे या दोन-अडीच तासांच्या सपाट प्रवासात आपण देशाचा एक मोठा जलविभाजक ओलांडलेला असतो, आणि तरीही गाडीला त्याची दखल घेण्याइतका चढ कोठे लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात पश्चिमेकडे खारपाणपट्टा पसरलेला आहे, जेथे विहिरीचे पाणी पिण्याच्या कामाचे नसते. मात्र अचलपूर जवळ येऊ लागताच रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांच्या बागा दिसू लागतात आणि क्षितिजावर गाविलगडच्या डोंगररांगेची निळसर भिंत उभी राहते. ती भिंत भासावी असाच तिचा घाट आहे. भूगर्भातील एका मोठ्या प्रस्तरभंगाने सातपुड्याची ही दक्षिण कड पूर्णेच्या गाळाच्या मैदानापासून अशी उभी तोडून काढली आहे.

परतवाड्याहून वर जाण्यास दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरी घटांगवरून. आणि दोन्ही वाटांवर यंत्राची परीक्षा सारखीच होते. चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर. इतक्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण एक दशांशाने विरळ असते, आणि इंजिनाला पेट्रोलइतकीच हवेचीही गरज असल्यामुळे, शंभर सी.सी.ची जी गाडी नेरच्या बाजारातून दोघांना आणि खताच्या पोत्याला विनातक्रार वाहून नेते, तीच येथे तिसऱ्या गिअरवर धापा टाकू लागते. अशा वेळी मूठ अधिक पिळण्यात हशील नसते. वेळीच खालचा गिअर टाकून इंजिनाला त्याच्या चालीने चढू द्यावे, हेच शहाणपण. विरळ हवेचा लाभही आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि हा उतार मोटारसायकलस्वाराला आधी बोटांच्या पेरांना व मग छातीला जाणवतो.

मागे बसणाऱ्याचे काम केवळ पाहण्याचे नाही. वळणावर गाडी ज्या अंगाला झुकेल त्याच अंगाला त्याला झुकावे लागते. भीतीने उलट कलणारा सोबती चालकाचा तोल बिघडवतो आणि वारंवार खांद्यावर हात मारून ‘ते बघ, ते बघ’ म्हणणारा त्याचे चित्त. चांगला मित्र सरळ रस्ता लागेपर्यंत थांबतो आणि मग सांगतो की, डावीकडे दरीत सागाची झाडे फुलली आहेत, खाली कोरकूंचे गाव दिसते आहे. कोरकूंच्या वस्तीत मधल्या रस्त्याच्या दुतर्फा समोरासमोर घरांच्या सरळ ओळी असतात, आणि उंचावरून ही रेखीव मांडणी स्पष्ट दिसते. त्यांची भाषा मुंडा कुळातील, छोटा नागपूरच्या संथाळी-मुंडारीच्या नात्याची. त्या कुळाची ही सर्वांत पश्चिमेकडची शाखा आहे.

या डोंगरात जड वाहने चढविणे किती कष्टाचे होते, याची नोंद इतिहासाच्या दफ्तरात आहे. 1803 च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगडावर इंग्रजी फौज चालून आली, तेव्हा आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनने अचलपूरहून डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडून तोफा आणल्या. रस्ता नव्हताच, तो सैनिकांनी पुढे सरकत तयार करावयाचा आणि त्यावरून तोफा हातांनी ओढावयाच्या. 7 तारखेला निघालेले हे सैन्य 12 तारखेला किल्ल्यापाशी पोहोचले आणि 15 तारखेस किल्ला पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह मान्य करावा लागला. इमादशाहीच्या वैभवाची साक्ष देणाऱ्या या गडाच्या दरवाजावर हत्तींना धरून बसलेला दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. त्याखाली गाडीवरचे अवघडलेले पाय मोकळे करीत उभे राहिले असता, पाच दिवस तोफांचे दोर ओढणाऱ्या सैनिकांचे श्रम कल्पनेत अधिक नेमके उतरतात.

चिखलदऱ्याच्या माथ्यावर इंग्रज अमदानीपासून कॉफी पिकते. जवळच्या मोथा गावी गवळ्यांचा खवा मिळतो. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले असे लोक सांगतात, ती भीमकुंडाची दरी पावसाळ्यात पाण्याच्या घोषाने भरून जाते. पलीकडचे अरण्य 1973-74 मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असून, तेथल्या सिपना नदीचे पाणी थेट तापीला मिळते आणि दक्षिण उतारावरचे पाणी पूर्णेला. चांगदेवापाशी पूर्णा-तापीचा संगम झाल्यावर डोंगराने वेगळे केलेले हे प्रवाह पुन्हा एक होतात.

उतरताना नियम सोपा आहे : ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याच्या मागच्या चाकाचा ड्रम पायथ्याशी येईतो हात लावू नये इतका तापतो, जळका वास येऊ लागतो आणि ऐन गरजेच्या वेळी ब्रेक दगा देतो. रस्ता अरुंद असेल तेथे चढणाऱ्या वाहनाला वाट देणे हा तर कायद्याचाच दंडक आहे. दोघांजवळ परवाना असावा, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट असावे, आणि परतीच्या वाटेवर जागांची अदलाबदल करावी. एरवी सकाळी चालविणाऱ्याने डोंगर पाहिला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मात्र किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः निमूट मागे बसणे ही चालविण्याहून कठीण विद्या आहे. तेथे ब्रेक आपल्या पायाखाली नसतो, वेग आपल्या मुठीत नसतो, आणि तरीही दरीकडे निश्चिंतपणे पाहत राहावयाचे असते. ज्याच्या पाठीमागे असे बसता येईल असा मित्र ज्याला नेरमध्ये लाभला असेल, त्याने नवी आणि मोठी गाडी घेण्याची वाट पाहू नये. आहे तीच पुरेशी आहे.