रेटिंग का अडतं?

बुद्धिबळात पहिली काही वर्षं रेटिंग भराभर वर जातं आणि मग एका आकड्याभोवती घुटमळू लागतं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आणखी डाव खेळा’. माझ्या मते बऱ्याचदा दुखणं वाढवतो तो हाच सल्ला. ब्रायन आणि हार्टर या अमेरिकन संशोधकांनी १८९७ साली तारायंत्र शिकणाऱ्यांची प्रगती मोजली होती. तार पाठवण्याचा वेग सलग वाढत गेला. तार ऐकून उतरवण्याचा वेग मात्र मध्येच बराच काळ थबकला. सुटी अक्षरं ऐकण्याऐवजी अख्खे शब्द कानाला ओळखू येऊ लागले, तेव्हा कुठे तो पुन्हा चढला. बुद्धिबळपटूही एकेक मोहरा पाहत नाही, ओळखीच्या मांडण्या पाहतो. कौशल्य येतं ते त्यातूनच. पण अडतंही तिथेच.

बिलालिच, मॅकलाऊड आणि गोबे यांचा २००८ सालचा प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी मुरलेल्या खेळाडूंपुढे एक पट मांडला. त्यात पाच चालींची प्रसिद्ध मात होती : राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला जातो आणि घोडा मात देतो. तीन चालींची दुसरी, साधी मातही होती. पहिली सापडल्यावर ‘आम्ही याहून चांगली शोधतोय’ असं खेळाडू प्रामाणिकपणे सांगत होते, पण डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र वेगळंच दाखवत होतं. नजर घोड्याच्या त्या डावपेचाशी संबंधित घरांवरच परत परत जात होती! ओळखीची मात पटावरून काढून टाकली, की याच तोडीच्या खेळाडूंना छोटी सापडत होती. म्हणजे कमी पडत होतं ते ज्ञान नव्हे. रोज रात्री ऑनलाइन झटपट डाव खेळणारा हीच नजर आणखी पक्की करतो. एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचे तास रेटिंगशी सर्वांत जवळून जुळतात, असं चार्नेस आणि सहकाऱ्यांना २००५ साली आढळलं, ते उगीच नव्हे.

रेटिंग थांबलं म्हणजे खेळ थांबला, हे कशावरून, अशी शंका कुणी घेईल. ती रास्त आहे. समजा, चंदीगडमधला १७०० रेटिंगचा एक नोकरदार स्थानिक स्पर्धेत १५०० रेटिंगच्या शाळकरी मुलाशी हरला. एका डावात त्याचे साधारण १५ गुण जातात, आणि त्या मुलाचा खरा खेळ कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेलेला असू शकतो. वरच्या पातळीवरही तेच. नाशिकच्या विदित गुजराथीने २०१७ साली २७०० ची वेस ओलांडली. पुढची सहा वर्षं त्याचं रेटिंग बहुतांशी त्याच टप्प्यात राहिलं. तरी २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा पहिलाच डाव हरूनही त्याने जिंकली.

दुसरा आक्षेप उपजत गुणांचा. तो मला खोडता येत नाही. अर्जेंटिनातल्या एका पाहणीत एक खेळाडू सुमारे ३,००० तासांत मास्टर झाला, तर दुसऱ्याला २३,००० हून अधिक लागले. पण तासांच्या या बेरजेतून त्या तासांत काय केलं हे कळत नाही. हरलेला डाव लगेच संगणकावरच्या बुद्धिबळ-इंजिनाला दाखवला, तर योग्य चाल क्षणात मिळते. आपण ती पाहिलीच का नाही, हे मात्र इंजिन सांगू शकत नाही. म्हणून इंजिन लावण्याआधी, त्या वेळी कोणत्या चाली मनात आल्या आणि कोणत्या आल्याच नाहीत, हे वहीत लिहून काढावं लागतं. असे पाच-दहा डाव लिहिले, की बहुधा एकच आंधळी जागा पुन्हा पुन्हा दिसते : कुणाला उंटाची मागे येणारी चाल सुचत नाही, कुणी वजिरांची अदलाबदल टाळतो.