विजेची मोटार आणि टपावरचें ओझें

एस्. टी. च्या टपावर ट्रंका, करंड्या आणि वळकट्या चढविणारे हमाल ज्या पालकांनीं लहानपणीं पाहिले आहेत, त्यांना मोटारीच्या टपाचा उपयोग निराळा सांगावयास नको. गाडींत माणसें आणि टपावर सामान, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. त्यामुळें घरांत विजेवर चालणारी मोटार आली म्हणजे पहिल्याच सुटींत तिच्याही टपावर कॅरिअर बसवावें असें मनांत येतें. आमच्याही मनांत आलें. त्या पहिल्या प्रवासांत आम्हांस जी फजिती सोसावी लागली आणि जें शिकावें लागलें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगीं पडेल, म्हणून येथें सांगत आहों.

पुण्याहून कोल्हापुरास जावयाचें होतें. गाडींत आम्ही चौघे. मुलांच्या वसतिगृहाच्या दोन ट्रंका आणि एक कापसाची गादी टपावर ताडपत्रींत गुंडाळून पट्ट्यांनीं बांधली होती. आमच्या मोटारीच्या बॅटरींत 45 युनिट वीज मावते आणि मोकळ्या गाडीस शंभर किलोमीटरांस साधारण 15 युनिट लागतात, हा आमचा अनुभव. म्हणजे 300 किलोमीटरांची बेगमी. कोल्हापूर सुमारें 230 किलोमीटर. तेथें पोंचून पाव बॅटरी शिल्लक राहील असा आमचा हिशेब होता. पडद्यावरही 300 चाच आंकडा दिसत होता.

कऱ्हाडास पोंचलों तेव्हां सुमारें 160 किलोमीटर झाले होते. हिशेबाप्रमाणें पडद्यावर 140 उरावयास हवे होते. उरले होते जेमतेम 80, आणि पुढची वाट पाऊणशें किलोमीटरांची. वाटेंत एखादें वळण, एखादा खोळंबा आला असता तर हमरस्त्यावरच मुक्काम पडता. चार्जिंगसाठीं थांबलों तर पुढें दोन गाड्या उभ्या. वसतिगृहाचें फाटक बंद होण्यापूर्वीं मुलांना पोंचविणें हाच त्या दिवसाचा मुख्य हेतु, आणि तोच हुकला.

पडद्यानें आम्हांस फसविलें काय? नाहीं. गाडीचा अंदाज मागील प्रवासांत किती वीज लागली त्यावर बांधलेला असतो. टपावर आज ताडपत्रीचें गांठोडें चढलें आहे हें त्या बिचाऱ्या यंत्रास, कांहीं किलोमीटर धांवल्यावांचून, कोठून कळणार? तें आम्हांस कळावयास पाहिजे होतें.

येथें सामान्य समजूत अशी कीं, ओझें वाढलें म्हणून वीज अधिक लागली. ही समजूत बहुतांशीं चुकीची आहे. आणि वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस तें स्वतः पडताळून पाहतां येईल. वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस चढतांना गाडी सुमारें 600 मीटर वर जाते. 40 किलोग्रॅमची ट्रंक तितकी उंच उचलण्यास लागणारें कार्य काढावयाचें तर 40 ला 9.8 नें आणि त्यास 600 नें गुणावें. उत्तर 2,35,200 ज्यूल. विजेच्या एका युनिटांत 36 लक्ष ज्यूल असतात. म्हणजे तो सगळा घाट चढून जाण्यास त्या ट्रंकेपायीं एका युनिटाचा पंधरावा भाग लागला! शिवाय विजेच्या मोटारीची एक मोठी सोय अशी कीं, उतारावर तिची मोटर उलट जनित्राचें काम करूं लागते आणि चढतांना खर्च झालेल्या शक्तीचा कांहीं भाग बॅटरींत परत भरते.

आतां वाऱ्याचा हिशेब पाहूं. आमचें गांठोडें समोरून एक मीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच, म्हणजे समोरील क्षेत्र 0.4 चौरस मीटर. असल्या बोथट आकाराचा विरोधगुणक सुमारें 0.9 धरावा. दख्खनच्या पठारावरील हवेची घनता दर घनमीटरास सुमारें 1.1 किलोग्रॅम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. हें सर्व सूत्रांत घातलें म्हणजे ताशी 100 किलोमीटर वेगानें 100 किलोमीटर जातांना नुसत्या गांठोड्यापायीं सव्वाचार युनिट, 80 च्या वेगानें पावणेतीन युनिट, आणि 60 च्या वेगानें दीड युनिट, असे आंकडे निघतात. हे अंदाजाचे आहेत. गाडीवरून वाहणारा वारा आणि गांठोड्यावरचा वारा एकमेकांत मिसळतात, त्यामुळें प्रत्यक्षांत थोडाफार फरक पडतोच. परंतु 15 युनिटांच्या जागीं 19 लागले कीं 45 युनिट 300 किलोमीटर पुरत नाहींत, हें सांगावयास ज्योतिषी नको. आणि वाऱ्यास दिलेली ही शक्ति कोणत्याही उतारावर परत मिळत नाहीं.

पेट्रोलच्या गाडीस हाच वारा लागतो. मग तेथें हा प्रकार इतका जाणवत कां नाहीं? कारण पेट्रोलच्या इंजिनांत जळणाच्या शक्तीचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग उष्णतेच्या रूपानें वायांच जातो. त्या मोठ्या उधळपट्टींत वाऱ्याचा वाढीव खर्च झांकून जातो. विजेची मोटार काटकसरी. तिच्या थोडक्या खर्चांत तीच वाढ डोळ्यांत भरते. शिवाय पेट्रोल पांच मिनिटांत भरतां येतें. पण पेट्रोलच्या गाडीवाल्यांनींही निर्धास्त राहूं नये. अमेरिकेंतील युचे चेन व ॲलन मायर या संशोधकांनीं 2016 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं, टपावरील कॅरिअरमुळें इंधनाचा खर्च 25 टक्क्यांपर्यंत वाढूं शकतो, आणि 2015 या एका वर्षांत त्या देशांत या कारणानें सुमारें 10 कोटी गॅलन, म्हणजे जवळजवळ 38 कोटी लिटर पेट्रोल अधिक जळलें. रिकामीं फिरविलेलीं कॅरिअरेंही त्यांत आलींच.

इतकें समजल्यावर कॅरिअर बसवूंच नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. चार माणसांच्या कुटुंबास सामानाची जागा कधीं ना कधीं अपुरी पडते. परंतु बसविण्यापूर्वीं गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक उघडून टपावर किती भार चालतो तो आंकडा पाहावा. हें पुस्तक बहुधा हातमोजपेटींत कोरें करकरीत पडलेलें असतें. कांहीं गाड्यांच्या पुस्तकांत टपावर कांहींच बांधूं नये असें स्पष्ट लिहिलेलें आढळतें. तेथें प्रश्नच मिटला. टपावर दोन बाजूंस चकचकीत दांडे दिसले म्हणून ते भार घेतातच असेंही नाहीं. पुष्कळ गाड्यांवरील दांडे केवळ शोभेचे असतात. जुलै 2025 पासून मुंबईंत विक्रीस आलेली टेस्लाची 'मॉडेल वाय' ही गाडी घ्या. तिचा टप कांचेचा. कॅरिअरच्या आडव्या दांड्या बसविण्याच्या जागा कांचेच्या कडेच्या पट्टीखालीं लपविलेल्या असतात, आणि भाराची मर्यादा 75 किलोग्रॅम आहे.

या मर्यादेंत कॅरिअरचें स्वतःचें वजनही धरावयाचें असतें, हें बहुतेक विसरतात. दांड्या 6 किलोग्रॅमच्या आणि वरची बंद पेटी 18 ची असेल, तर 75 पैकीं सामानासाठीं 51 च उरतात. दुसरी एक मर्यादा आहे ती सबंध गाडीची. विजेच्या मोटारीच्या तळाशीं बॅटरीचें जड ओझें आधींच असतें. त्यामुळें गाडीचें मूळ वजन आणि तिचें परवानगीचें कमाल वजन यांतील अंतर कित्येकदां अपेक्षेपेक्षां कमी असतें. पांच मोठीं माणसें बसलीं कीं त्यांतील बराचसा भाग तेथेंच संपतो. तळाशीं वजन असल्यामुळें ही गाडी टपावर कितीही लादलें तरी डगमगणार नाहीं, असें आम्हांस एका गृहस्थांनीं छातीठोकपणें सांगितलें होतें. तळाच्या वजनानें स्थैर्य येतें हें खरें. पण टपावरील प्रत्येक किलोग्रॅम गुरुत्वमध्य वर ओढतो, आणि वळणावर अथवा एकाएकीं ब्रेक दाबतांना तें जाणवतें.

आतां बसविण्याविषयीं. हें काम दोघांचें आहे. एकट्यानें केल्यास टपावर ओरखडे उठतातच. प्रथम टप धुवून कोरडा करावा; धूळ राहिली तर रबराच्या बैठकीखालीं ती कानसेसारखी घासते. गाडीच्या जातीनुसार दांडीचे पाय कोठें दांड्यांस आवळतात, कोठें टपांतील ठराविक भोंकांत बोल्टानें बसतात, तर कोठें दाराच्या चौकटीस पकडतात. दुसऱ्या गाडीचे पाय आपल्या गाडीस 'जवळजवळ' बसतात म्हणून घेऊं नयेत. पुढील कांचेच्या वरच्या कडेपासून दोन्ही बाजूंचें अंतर फितीनें मोजावें. दांडी बोटभर तिरपी बसली तरी वाऱ्यांत शीळ घालते. बोल्ट एका बाजूचा पुरता आवळून मग दुसऱ्या बाजूस जाऊं नये. थोडें इकडे, थोडें तिकडे, असें करीत जावें. ठराविक जोर लागतांच 'टक्' असा आवाज करणारा पाना मिळतो, तो वापरावा. अधिक आवळणें म्हणजे अधिक सुरक्षित, ही समजूत कांचेच्या टपावर फार महाग पडते. मग चारी दारें उघडून मिटून पाहावींत, मागील झांकण पेटीस अडत नाहीं ना तें पाहावें, आणि टपाची खिडकी असल्यास ती उघडण्याचा मोह मुलांस होऊं देऊं नये. पहिल्या 50 किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट पुन्हां तपासावेत.

सामान लादतांना जड वस्तु शक्यतों गाडीच्या आंत, तळाशीं ठेवाव्या. टपावर हलक्या आणि आटोपशीर. जड वस्तु वर न्यावीच लागली तर ती दोन्ही दांड्यांच्या मधोमध असावी. सुतळी किंवा ताणून धरणारे रबरी दोर यांवर भिस्त ठेवूं नये. ही सूचना आम्ही अधिकारानें करीत आहों, कारण त्याच कोल्हापूरच्या प्रवासांत, सातारा मागें पडल्यावर, टपावरून घूं-घूं असा आवाज येऊं लागला. थोरल्या मुलानें दोनदां सांगितलें. आम्ही दोनदां दुर्लक्ष केलें. तिसऱ्यांदां तो जवळजवळ ओरडला, तेव्हां गाडी बाजूस घेतली. पाहतों तों कापसाची गादी वाऱ्याच्या दाबानें दबून पुढचा पट्टा वीतभर सैल झालेला, आणि वरची ट्रंक तिच्या जागेवरून तिरपी सरकलेली. आमच्या मागून एक मोटारसायकल येत होती; तिच्यावर पुढें लहान मूल बसलेलें होतें. ती आम्हांस ओलांडून निघून गेली आणि त्या माणसास कांहींच कळलें नाहीं. आम्हीं मात्र बराच वेळ रस्त्याकडेला नुसते उभे होतों. दबणारी वस्तु पट्ट्याखालीं येऊं देऊं नये, आणि दर थांब्यावर प्रत्येक पट्टा हातानें ओढून पाहावा, हा नियम त्या दिवसापासून आमच्या घरीं आहे. तपासणीचें काम थोरल्याकडे आहे.

ताडपत्रीच्या गांठोड्यापेक्षां पुढें निमुळती असलेली बंद पेटी बरी. ती वाऱ्यास कमी अडविते, आणि पावसाळ्यांत सामान कोरडें राहतें. दांड्याही गोल अथवा चौकोनी घेण्यापेक्षां पंखाच्या आकाराच्या घ्याव्या. सायकल न्यावयाची असेल आणि गाडीस तशी मान्य सोय असेल, तर ती मागें टांगणें वाऱ्याच्या दृष्टीनें पुष्कळ बरें, कारण मागील वस्तु गाडीच्याच आडोशास राहते. मात्र नंबराची पाटी व दिवे झांकले जातां कामा नयेत. कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन कायद्यांत 2019 सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, परवानगीच्या मर्यादेबाहेर बाजूंस, पुढें, मागें किंवा उंचीनें ओझें आल्यास 20,000 रुपये दंड आहे आणि तें उतरविण्याचा खर्च निराळा. पेटीसकट गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी, म्हणजे इमारतीच्या तळघरांतील वाहनतळाशीं पोंचल्यावर तर्क करीत बसावें लागत नाहीं.

परतीच्या प्रवासांत ट्रंका वसतिगृहांत राहिल्या होत्या आणि टपावर रिकाम्या दांड्या तेवढ्या होत्या. गाडी 80 च्या आंतच चालविली. कऱ्हाडास न थांबतां पुण्यास पोंचलों तेव्हां बॅटरींत पांचवा हिस्सा वीज शिल्लक होती. त्याच संध्याकाळीं दांड्या उतरवून जिन्याखालच्या खुंटीस टांगल्या. बोल्ट एका डबींत घालून, डबीवर पुढचे कोणते व मागचे कोणते तें धाकटीनें आपल्या अक्षरांत लिहून ठेवलें आहे.