हात जड की चाक जड?

आमच्या घरी गाडी ही चालवते. मी शेजारी बसून सूचना करतो आणि त्या तिनं आजवर ऐकलेल्या नाहीत. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर ती एकदम म्हणाली, "आता बास. हातात जोर राहिला नाही माझ्या," तेव्हा मला चरकायला झालं. तिचा खांदा दुखत होताच. शेक, व्यायाम सगळं सुरू होतं. वय झालं, असं आम्ही दोघांनीही मुकाट्यानं मान्य केलं.

मग एकदा गाडी पार्किंगमध्ये घालायची पाळी माझ्यावर आली. माझे खांदे ठणठणीत. तरी स्टिअरिंग वळता वळेना आणि बॉनेटखालून कुणी कण्हावं तसा आवाज! गाडी २००६ सालची, सेकंडहँड; आम्ही तिचे तिसरे मालक.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "रॅक गेला. नवा टाकू." तपासणीआधी आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहायचं, ही बँकेतली जुनी खोड. मी गाडी नाना पेठेतल्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. हिलाही सोबत घेतलं.

त्यांनी आधी पुढच्या टायरांतली हवा पाहिली. हवा कमी असली तरी चाक जड लागतं, आणि हा खर्च फुकटातला. मग पट्टा दाबून पाहिला. इंजिन या पट्ट्यानं पंप फिरवतं आणि पंप तेलाला दाब देतो. टायरात तीसेक पौंड हवा असते. चाक पूर्ण वळवलं की या तेलाचा दाब हजार पौंडांच्या आसपास जातो. (म्हणूनच चाक टोकाला नेऊन धरून ठेवू नये.) पट्टा सैल असेल तर वळवताना किंचाळतो. आमचा पट्टा घट्ट होता.

तेलाचं झाकण उघडलं, तर तेल खुणेच्या खाली आणि वर ताकासारखा फेस. "हवा ओढतेय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवलं. ते विनासायास फिरलं. इथं अडलं असतं, तर दोष सांध्यांत शोधायचा, तेलात नाही. मग ते गाडीखाली सरपटले आणि रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी भाता-टोपणं दाबली. आत तेल साचलं असतं, तर रॅकची सिलं गेली म्हणायची. ती कोरडी होती. तेलाच्या डब्यातून पंपाकडे जाणारी नळी मात्र वाळून कडक झाली होती आणि क्लिपखाली चिरली होती. पंप तिच्यातून तेलाबरोबर हवाही ओढत होता. कण्हणं होतं ते त्याचंच.

नळी, क्लिप आणि पुस्तिकेत लिहिलेलं तेल, एवढाच खर्च. तेल कुठलंही चालत नाही. ब्रेकचं तर मुळीच नाही. तेल भरून त्यांनी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीदा तरी हळूहळू फिरवलं, फेस जाईपर्यंत. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हे तेल नसतंच. तिथं विजेची मोटर असते. त्यामुळे बॅटरी आणि डॅशबोर्डवरचा दिवा आधी पाहायचा.

"चालता चालता हे बंद पडलं असतं तर?" मी विचारलं.

"चाकं वळतातच साहेब, फक्त जोर लावावा लागतो. वेग कमी करून बाजूला घ्यायची. पण स्टिअरिंग ढिलं लागलं, फिरवूनही चाक लगेच वळलं नाही, तर मात्र गाडी हलवायचीच नाही."

मग हिच्याकडे वळून म्हणाले, "बसा वहिनी, तुम्हीच बघा."

तिनं चाक डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. बराच वेळ काही बोलली नाही. "दोन महिने," ती शेवटी म्हणाली, "दोन महिने मला वाटत होतं, मीच संपले."

खांदा अजून दुखतो. किल्ली तिच्या पर्समध्ये आहे.