सर्टिफिकेट पुरे, आता फरक दाखवा! बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कारखानदारांना सल्लागारांकडून नेमकं काय हवंय?

बेळगाव : उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात गेलं की मालकाच्या खुर्चीमागे फ्रेम केलेलं आयएसओ सर्टिफिकेट हमखास दिसतं. सल्लागार म्हणजे 'आयएसओ करून देणारा माणूस' अशीच अनेक वर्षं ओळख होती. मोठ्या कंपनीने सर्टिफिकेट मागितलं की त्याला बोलवायचं, फायली तयार करायच्या, ऑडिट उरकायचं आणि मग पुढच्या ऑडिटपर्यंत फायली कपाटात.

आता मालकांचा पहिला प्रश्न वेगळा असतो : 'साहेब, यातून महिन्याला किती वाचणार?' जगभरातल्या बड्या सल्लागार कंपन्यांनाही हाच प्रश्न पडतोय. नुसत्या अहवालासाठी पैसे मोजायला ग्राहक तयार नाही आणि माहिती गोळा करण्याचं काम एआय झटपट करतंय. सीमाभागातल्या छोट्या कारखान्यांत हा बदल का आला, ते समजून घेऊ.

मागणी का बदलली?

पहिलं कारण जीएसटी. २०१७ पासून प्रत्येक बिल पोर्टलवर दिसू लागलं आणि हिशेब अंदाजाने ठेवणं महागात पडू लागलं.

दुसरं कारण उधारी. आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं. सूक्ष्म वा लघु उत्पादक किंवा सेवा पुरवठादाराचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत चुकली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करात वजा मिळत नाही. त्यामुळे पैशाचं वेळापत्रक बसवून देणारा माणूस लागतो.

तिसरं कारण निर्यात. युरोपीय संघाच्या कार्बन कराची, म्हणजे 'सीबॅम'ची, माहिती देण्याची पायरी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून पैसे मोजण्याची. लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियम त्यात आहेत. आपला माल त्या यादीत येतो का, आला तर उत्सर्जनाचा आकडा कसा काढायचा, हे सांगणारी माणसं मोजकीच.

फाउंड्रीचं साधं गणित

बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे फाउंड्री हा कण्याचा धंदा. समजा एका फाउंड्रीत महिन्याला १०० टन कास्टिंग तयार होतं आणि त्यातलं ८ टन रिजेक्ट होतं. रिजेक्शन ५ टनांवर आलं, तर ३ टन विकाऊ माल वाढला. रिजेक्ट माल पुन्हा भट्टीत जातो, म्हणून मालकाला वाटतं लोखंड कुठं गेलंय? पण वितळवायची वीज, वाळू, मजुरी आणि वेळ गेलेला असतो. तो परत येत नाही.

असं काम ऑफिसात बसून होत नाही. सल्लागाराला शेडमध्ये उभं राहावं लागतं, वाळू तपासावी लागते, मोल्डरशी मराठीत-कन्नडमध्ये बोलावं लागतं. म्हणूनच पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या नावापेक्षा फाउंड्रीत वीस वर्षं घाम गाळलेल्या निवृत्त इंजिनिअरचा सल्ला अनेकदा जास्त कामाचा ठरतो.

दोन राज्यं, दोन हिशेब

निपाणीहून कागलची पंचतारांकित एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, पण मध्ये राज्याची हद्द. निपाणीचा माल बेळगावला विकला तर सीजीएसटी-एसजीएसटी आणि कागलला विकला तर आयजीएसटी. एकाच मालकाची शेड दोन्हीकडे असेल तर जीएसटी नोंदणी दोन. एका शेडमधून दुसरीकडे माल पाठवला तरी तो करपात्र पुरवठा धरला जातो.

उद्यम नोंदणी मात्र एकच. दोन्ही शेडची गुंतवणूक आणि उलाढाल एकत्र धरली जाते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी, उलाढाल १० कोटी अशी आहे. 'दोन शेड म्हणजे दोन सूक्ष्म उद्योग' हा समज चुकीचा आहे.

वीज इकडे हेस्कॉमची, तिकडे महावितरणची. प्रदूषण मंडळं वेगळी, सवलतीच्या योजना वेगळ्या. त्यात इकडचे सरकारी कागद कन्नडमध्ये. मराठी उद्योजकाला दोन्हीकडचे नियम एकाच टेबलावर समजावून सांगणारा माणूस हवा असतो आणि तोच सापडत नाही.

फी देण्याआधी एवढं बघा

- आधी सरकारी योजना तपासा. 'लीन' योजनेत सल्ला आणि अंमलबजावणीच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. 'झेड' प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे.
- सल्ला देणारा आणि सर्टिफिकेट देणारा एकच असेल तर सावध राहा. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेला असा सल्ला देता येत नाही.
- आजचा आकडा लिहून घ्या. रिजेक्शन, वीज युनिट, थकीत उधारी यांची नोंद सुरुवातीलाच नसेल, तर सहा महिन्यांनी फरक कशाशी ताडणार?
- फीचा काही भाग निकालाशी जोडता येतो का, ते विचारा. चार्टर्ड अकाउंटंटना मात्र, काही अपवाद सोडले, तर नफ्याच्या टक्केवारीवर फी घेता येत नाही.
- सल्लागार गेल्यावर काम कोण चालवणार, ते आधीच ठरवा. सुपरवायझरला शिकवलं नाही तर घडी परत विस्कटते.

छोट्या कारखान्याला सल्लागाराची फी म्हणजे एखाद्या कामगाराचा वर्षाचा पगार ठरू शकते. एवढे पैसे घालून भिंतीवर आणखी एक फ्रेम लागणार असेल, तर तो पगार दिलेलाच बरा.